कडू रस की गोळी?

साखरेचा आजार हा शहरातल्या बैठ्या लोकांचा, अशी आपल्या शेतकरी बांधवांची जुनी समजूत आहे. ती आता सोडावी लागेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. गोव्यात हे प्रमाण सर्वांत जास्त, म्हणजे प्रौढांत शेकडा २६.४ आढळले.

आजाराबरोबर घरगुती उपायही वाढले. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण, मेथी, गुडमारचा पाला. "झाडपाल्याने अपाय होत नाही; मग डॉक्टरांच्या गोळ्या कशाला?" असे पुष्कळ जण आम्हांला विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मेटफॉर्मिन या गोळीच्या हकिकतीत सापडते. मधुमेहात सर्वांत जास्त दिली जाणारी ही गोळी. तिचा उगमही एका झाडपाल्यातच आहे.

दक्षिण युरोपात गलेगा नावाचे झुडूप उगवते. ते आपल्या तूर-हरभऱ्याच्याच कुळातले. तिकडे ते फार पूर्वीपासून औषधी म्हणून वापरात होते. १८९१ साली अमेरिकेतील युटा राज्यात ते चारा म्हणून आणले गेले. पण पुढे ते हट्टी तण ठरले, आणि मेंढ्यांना तर ते विषारीच असते. म्हणजे एकच झुडूप औषधही आणि विषही!

औषधशास्त्राच्या अभ्यासकांनी या झुडपातील द्रव्य वेगळे काढले. १९१८ साली त्याच जातीच्या ग्वानिडिन या द्रव्याने जनावरांच्या रक्तातील साखर उतरते असे दिसून आले. पुढे गलेगातील द्रव्य रोग्यांना देऊन पाहिले, पण त्याचा गुण थोडा वेळ टिके आणि अपाय फार होई. १९२२ साली डब्लिन येथे वर्नर आणि बेल यांनी मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत तयार केले. ते रोग्यांना देऊन १९५७ साली अनुभव प्रसिद्ध केला तो पॅरिसच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी. याच गोळीचे भावंड फेनफॉर्मिन. त्याने काही रोग्यांच्या रक्तात आम्ल साचून मृत्यू ओढवले, म्हणून १९७७ साली अमेरिकेत ते बाजारातून काढले गेले. मेटफॉर्मिन मात्र कसोटीला उतरले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासात, स्थूल मधुमेहींपैकी ज्यांना ही गोळी दिली त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण, केवळ पथ्यावर ठेवलेल्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी भरले.

यातून आम्ही एवढेच सांगू इच्छितो की पाल्याचे औषध होते ते मापाने आणि पारखीने. फवारणीचे औषध आपण डोळे मिटून पंपात ओततो काय? मग पेलाभर रसात कोणते द्रव्य किती आहे हे ठाऊक नसता त्याच्या भरवशावर गोळी कशी सोडावी? कारल्याची भाजी खुशाल खावी. पण रस किंवा चूर्ण नेमाने घेत असाल तर डॉक्टरांना तसे सांगा, कारण औषधाच्या जोडीने साखर फार उतरण्याचा धोका असतो. इन्सुलिन तर कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. ते जिवावर बेतते.

परंतु गोळी म्हणजे सर्व काही नव्हे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नुसत्या साध्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी शेकडा ५५ जणांना मधुमेह जडला. आहार व व्यायाम सांभाळणाऱ्यांपैकी ३९ जणांना, आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी ४० जणांना. चालणे आणि बेताचे जेवण यांची किंमत गोळीइतकीच ठरली.

तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घ्यावे. मूत्रपिंडाची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी.

२. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी चुकवू नये.

३. शेतात अनवाणी जाऊ नये. रात्री पाय धुऊन, कोरडे करून तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. दुखत नसली तरी जखम दाखवावी.

४. घाम, थरथर, घेरी आली तर शुद्धीवर असलेल्या रोग्याला लगेच साखरपाणी द्यावे. हे घरातील सर्वांना ठाऊक असावे.

५. उपवासकाळात आजाऱ्यांवर उपवासाची सक्ती नाही. उपाशी पोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन कामावर जाऊ नये.

पस्तिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः ज्यांच्या आईवडिलांना हा आजार आहे त्यांनी, सरकारी दवाखान्यात एकदा रक्त तपासून घ्यावे. या आजारात पुष्कळ दिवस काहीच दुखत नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहू नये.