गळ टाकणाऱ्यांचं घर

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यातल्या शॅलोफर्डला, गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिणाऱ्या आयझॅक वॉल्टनच्या घरासमोर मी उभी आहे. आता ते संग्रहालय आहे. पांढऱ्या भिंती, त्यांत काळ्या लाकडाची चौकट, वर कौलं. दाराशी बसलेले वयस्क स्वयंसेवक आधी छपराकडे बोट दाखवतात. पूर्वी ते गवतानं शाकारलेलं होतं. जवळच्या रुळांवरून जाणाऱ्या वाफेच्या इंजिनांच्या ठिणग्यांनी १९२७ आणि १९३८ साली ते पेटलं, तेव्हा कौलं आली. ते सांगत असतानाच एक गाडी धडधडत जाते.

खालच्या खोल्या सतराव्या शतकासारख्या मांडल्या आहेत. वरच्या मजल्यावर गळाच्या मासेमारीचा इतिहास आहे. वॉल्टनच्या काळातला गळ समजून घेताना मी थबकते. हेझल, विलो अशा झाडांच्या काठ्या जोडून केलेली लांबलचक काठी. टोकाला बांधलेली, घोड्याच्या शेपटीचे केस पिळून वळलेली दोरी. रीळ बहुतेकांकडे नसायचंच. मोठा मासा लागला तर सगळी मदार मनगटावर.

पुढे काठी बदलते. बांबूच्या सहा तिकोनी चिपा तासून, एकमेकींना चिकटवून केलेली षट्कोनी काठी येते. वाकते, पण मोडत नाही. केसांच्या दोरीनंतर रेशीम येतं, मग नायलॉन. एक आजी नातवाला रिळाची करामत समजावते आहे. आल्फ्रेड इलिंगवर्थनं १९०५ साली पेटंट घेतलेल्या रिळात फिरकी स्थिर राहते आणि दोरी तिच्या कडेवरून सुटत जाते. म्हणून हलकं आमिषही लांब पडतं. मुलगा हवेत काठी फेकल्याचा आव आणतो.

मला मात्र आमिष म्हणून बांधलेल्या खोट्या माश्यांपासून हलवत नाही. नखाएवढ्या आकड्यावर पिसं आणि रेशमी धागा गुंडाळून पाण्यावरचा किडा उभा केला आहे. असा किडा बांधायचा तर नदीत कोणत्या महिन्यात काय उडतं, हे आधी पाहायला हवं. मासा धरण्याआधी नदी वाचावी लागते.

वॉल्टन लंडनचा कापडव्यापारी. यादवी युद्धानं देश पोळला असताना, १६५३ साली त्यानं ‘द कम्प्लीट अँगलर’ छापलं: चालता चालता मासे, कुरणं, पाणी आणि गाणी यांवर रंगलेला संवाद. मृत्युपत्रात त्यानं इथली मालमत्ता स्टॅफर्ड शहराला दिली. उत्पन्नातून गरीब मुलांना धंदा शिकवायचा, हिवाळ्यात गरिबांना कोळसा द्यायचा.

पायऱ्या उतरताना मला याच परंपरेतला एक खटला आठवतो. डर्बीच्या गळवाल्यांचा एक क्लब डर्वेंट नदीत घाण आणि गरम पाणी सोडणाऱ्या कारखान्याविरुद्ध, नगरपालिकेविरुद्ध आणि वीज मंडळाविरुद्ध कोर्टात गेला. १९५३ साली अपील कोर्टात तो जिंकला. नदीकाठी तासन् तास बसणाऱ्यांना पाणी बिघडलेलं आधी कळतं, आणि तेच नदीसाठी उभे राहतात.

आपल्याकडच्या नद्यांचंही तसंच. साइक्स या निसर्ग अभ्यासकानं १८३९ साली शास्त्रीय नाव दिलेला महासीर मासा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला होता. त्या पाण्याची आजची अवस्था सांगायला नको. महाडजवळच्या वाळण कोंडीत मात्र लोक महासीरांना देवाचे मासे मानतात आणि त्यांना धरत नाहीत. कुठे श्रद्धा, कुठे छंद. माणूस काठावर पहारा देतो तिथे मासा टिकतो.

आपल्याकडेही भोयांचे गळ, जाळी आणि त्यांना ठाऊक असलेले डोह यांचं दालन नदीकाठच्या शहरांनी उभारावं. जाणती माणसं अजून आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या. आणि आपल्या गावच्या नदीत आज कोणते मासे उरलेत, हे एकदा काठावर जाऊन बघा.