सहीपुरता इंजिनिअर

घर बांधायला काढलेल्या माणसाला विचारा, डिझाइन कोणाचं? उत्तर ठरलेलं: ‘आमचे इंजिनिअर आहेत ना!’ नकाशा तेच काढतात, मंजुरी तेच आणतात, सळई किती टाकायची तेही तेच सांगतात. बहुतेकदा फोनवर.

नियमावली मात्र एका माणसाला एवढं सगळं सहजी देत नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागात एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्या परिशिष्टात आर्किटेक्ट, अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि पर्यवेक्षक यांची पात्रता आणि मर्यादा वेगवेगळ्या दिल्या आहेत. परवानाधारक अभियंत्याला आरसीसीची गणितं करता येतात, पण ५०० चौरस मीटरच्या प्लॉटवर, पाच मजले किंवा १६ मीटर उंचीपर्यंतच. त्यापुढे स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. सिव्हिलची पदवी हातात पडली की तो परवाना मिळतो, असं समजू नका. पदवीनंतर डिझाइनचा आणि साइटवरचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो; स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमधली पदव्युत्तर पदवी असेल तर दोन वर्षं, डॉक्टरेट असेल तर एक.

आर्किटेक्टबद्दलचा घोळ थोडा निराळा. १९७२च्या कायद्याने वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी नसलेल्याला स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. म्हणून इतर कोणी इमारतीचा आराखडा करणंच बेकायदा, असं अनेकजण ठामपणे सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये नोएडातल्या एका पदाच्या वादात उलट स्पष्ट केलं: कायदा नावाला संरक्षण देतो, कामावर मक्तेदारी देत नाही. अभियंत्यांच्या बाबतीत तर असा देशव्यापी नोंदणीचा कायदाच नाही. त्यांचा परवाना स्थानिक संस्थेकडचा. माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे. ज्याच्या गणितावर इमारत उभी राहते, त्याच्या नावाला आर्किटेक्टच्या नावाइतकंही कुंपण नाही.

‘दीड हजार फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही’ हे तर चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, एवढं खरं. पण नकाशा नियमात बसतो असं पात्र तंत्रज्ञाने प्रमाणित करून तो दाखल करावा लागतो, शुल्क भरावं लागतं. म्हणजे तपासणारा अधिकारी मागे सरकला आणि सही करणाऱ्याची जबाबदारी वाढली.

आणि अधिकारी तपासतो म्हणजे नेमकं काय? जोत्याशी टेप धरून तो पाहतो ती सामासिक अंतरं; पुढे मजले, उंची, चटईक्षेत्र. कॉलममधली सळई १६ मिमीची आहे की १२ची, हे काँक्रीट ओतल्यावर त्याला दिसणार तरी कसं? मजबुतीचा दाखला तुम्ही नेमलेला स्ट्रक्चरल इंजिनिअरच देतो. भोगवटा मिळाला म्हणजे पालिकेने इमारतीच्या ताकदीची हमी दिली, असा अर्थ काढू नये. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले. ती दहा वर्षांचीही नव्हती. गुन्हा नोंदवला गेला तेव्हा त्यात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार, नगरपरिषदेचा पर्यवेक्षक आणि मुख्याधिकारी अशी सगळ्यांची नावं आली.

जुन्या इमारतीचं ऑडिटही ओळखीच्या ठेकेदाराच्या पत्रावर भागत नाही. महापालिका हद्दीत ३० वर्षं झाली की ते करायचं, आणि तेही महापालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच.

मंजूर नकाशा घरी असेल तर एकदा उलगडून कोपऱ्यातली चौकट वाचा. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव आणि परवाना क्रमांक असेल, तर त्याला फोन लावून स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी सळई बघायला बोलवा. तो ‘कुठली साइट?’ असं विचारतो का, तेवढं ऐका.