रिकाम्या पुंगळीपासून काडतुसापर्यंत : घरच्या रिलोडिंगआधी काय तपासावे?

अमेरिकेतील कोणत्याही शूटिंग रेंजवर तासाभराच्या सरावानंतर जमिनीवर पितळी पुंगळ्यांचा सडा पडलेला असतो. काही जण त्या तशाच सोडून निघतात. काही जण मात्र वाकून एकेक वेचतात आणि पिशवीत भरतात. पुंगळी, प्राइमर, पावडर आणि गोळी या काडतुसाच्या चार घटकांपैकी पुंगळी हा एकच भाग बार उडाल्यावरही कामाचा राहतो, हे वेचणाऱ्यांना ठाऊक असते. तिच्यात उरलेले तीन घटक नव्याने भरून घरीच काडतूस तयार करणे म्हणजे रिलोडिंग. नेमबाजीची गोडी लागलेल्या अनेक मराठी व्यावसायिकांना या कामातील मोजमापाची शिस्त भुरळ घालते. गॅरेजमध्ये यंत्र बसवण्यापूर्वी मात्र काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे, आणि त्यांतील पहिली गोष्ट यंत्राशी संबंधित नाहीच.

आधी व्हिसा, मग यंत्र

स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. ती विकण्याचा व्यवसाय करायचा असेल तरच लागतो. एवढी अर्धीच माहिती कानावर पडली की घोळ होतो. एच-1बी, एल-1, एफ-1 किंवा एच-4 यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा दारूगोळा बाळगण्यास याच संघीय कायद्याच्या कलम 922ने मनाई केली आहे. शिवाय कलम 921मधील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत तयार काडतुसांबरोबर पुंगळ्या, प्राइमर, गोळ्या आणि पावडर यांचाही समावेश होतो. म्हणजे एच-1बी धारकाच्या टेबलावरचा प्राइमरचा डबा हाही कायद्याच्या दृष्टीने दारूगोळाच. 2022मधील दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा 15 वर्षांची आहे, आणि दोषी ठरलेल्यावर हद्दपारीची टांगती तलवार असते ती वेगळीच.

कायद्यात अपवाद आहेत. एखाद्या राज्याने रीतसर दिलेला आणि मुदतीत असलेला शिकारीचा परवाना हा त्यांतील सर्वांत परिचित. अपवाद खरा आहे. पण केवळ मित्राच्या सांगण्यावरून त्याचा आधार घेण्यापेक्षा वकिलाची तासाभराची फी स्वस्त पडते.

हा प्रश्न कागदावरचा नाही. 2019मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या रेहाइफ खटल्यातील आरोपी हा विद्यार्थी व्हिसावर आलेला तरुण होता. शिक्षण सुटल्याने त्याचा कायदेशीर दर्जा संपला होता आणि त्यानंतर तो एका रेंजवर नेमबाजी करून आला होता. आपण बाळगण्यास अपात्र आहोत याची आरोपीला जाणीव होती, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असा निकाल न्यायालयाने दिला. परंतु तो निकाल येईपर्यंत त्या तरुणाला खालच्या न्यायालयात शिक्षा झालेली होती. रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल हातात धरणे हेही ‘बाळगणे’च ठरू शकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही मनाई लागू होत नाही. तरीही राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. उदाहरणार्थ, मॅसॅच्युसेट्समध्ये सुटे घटकदेखील दारूगोळाच मानले जातात आणि ते बाळगण्यास राज्याचा परवाना लागतो.

टेबलावरचे काम

हौस कितीही असली, तरी 9 मिमीच्या काडतुसांत पैशांची बचत फारशी होत नाही. कारखान्यातील मालच स्वस्त असतो. .45 एसीपी, .38 स्पेशल, .44 मॅग्नम या काडतुसांत हिशेब अधिक जमतो. साध्या सिंगल-स्टेज प्रेसपासून सुरुवात करणे हिताचे. खटका ओढला की तयार काडतूस टाकणारी प्रोग्रेसिव्ह यंत्रे मोहक असतात. परंतु त्यांत एकाच वेळी चार-पाच ठिकाणी लक्ष ठेवावे लागते आणि नवशिक्याचे लक्ष नेमके पाचव्या ठिकाणी नसते.

बार उडाल्यावर पुंगळी किंचित फुगते. पहिला साचा तिला मूळ मापात आणतो आणि जळालेला प्राइमर बाहेर ढकलतो. दुसऱ्या साच्यात तिचे तोंड जरासे रुंद केले जाते, अन्यथा गोळी बसवताना कड फाटते. मग नवा प्राइमर बसतो. तो बुडाच्या पातळीच्या किंचित खाली गेला पाहिजे. त्यानंतर पावडर, नंतर गोळी आणि शेवटी तोंड पुन्हा आवळणे. 9 मिमीची पुंगळी चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवरच टेकते, म्हणून ते गरजेपेक्षा जास्त आवळून चालत नाही. तडे गेलेल्या पुंगळ्या पहिल्या पायरीआधीच बाजूला काढायच्या असतात. .22 रिमफायर पुंगळ्या वेचण्यात अर्थ नाही. त्यांतील ज्वालाग्राही मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने ज्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात आशियाई सुवर्ण जिंकले, तो याच काडतुसाचा खेळ आहे.

सारा जीव गुंतलेला असतो तो पावडरीत. तिचे वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एका पौंडात 7,000 ग्रेन असतात. सोनाराची एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन, आणि पिस्तुलाच्या अनेक काडतुसांत दोन-तीन गुंजांएवढीच पावडर असते. इतक्या लहान मापात अर्ध्या ग्रेनची चूक लहान राहत नाही. पावडर किंवा गोळीच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या माहितीपुस्तिकेतीलच प्रमाण घ्यावे, त्यातही किमान प्रमाणापासून सुरुवात करावी आणि एका पावडरीचे प्रमाण दुसरीला लावू नये. टेबलावर एका वेळी एकच डबा असावा.

सर्वांत घातक चूक म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडणे. .38 स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या काळात आखली गेली, म्हणून ती ऐसपैस आहे. आधुनिक पावडरीचे दुप्पट माप तिच्यात सहज मावते आणि वरवर पाहता कळतही नाही. या काडतुसाची दाबमर्यादा 17,000 पीएसआय आहे, तर 9 मिमीची 35,000. त्यामुळेच भरलेल्या पुंगळ्या फळीवर ओळीने मांडून, गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येकीत बॅटरीच्या उजेडात डोकावण्याची सवय अनुभवी लोक मोडत नाहीत. 9 मिमीत वेगळा धोका असतो. तिची पोकळी लहान असल्याने गोळी थोडी जास्त खोल बसली तरी दाब झपाट्याने चढतो, म्हणून काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजावी लागते.

उलट चूकही तितकीच वाईट. पावडर पडलीच नाही, तर एकटा प्राइमर गोळीला नळीत अर्ध्यावर ढकलून सोडतो. आवाज फुसका येतो. अशा वेळी पुढचा बार न उडवता शस्त्र रिकामे करून नळी तपासायची असते; अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली तर नळी फुटू शकते.

घरातली माणसे

बहुतेक प्राइमरमध्ये शिशाचे संयुग असते. पुंगळ्या कोरड्या पद्धतीने घासून साफ करताना उडणाऱ्या धुळीत ते मिसळते. मुलांच्या रक्तातील शिशाबाबत अमेरिकेच्या सीडीसीने 2021मध्ये ठरवलेला संदर्भ-आकडा डेसिलिटरला अवघा 3.5 मायक्रोग्रॅम आहे. हे काम जेवणाच्या टेबलावर करू नये, ही सूचना म्हणूनच पाळावी. ओल्या पद्धतीने सफाई केल्यास धूळ उडत नाही. त्या पाण्यात मात्र शिसे असते. हात धुणे आणि कपडे बदलणे हे मुलाला उचलून घेण्याआधीचे काम आहे.

साठवणुकीबाबत एनएफपीए 495 या अग्निसुरक्षा मानकात राहत्या घरासाठी 20 पौंड पावडर, तीही मूळ डब्यात, आणि 10,000 प्राइमर अशी मर्यादा आहे. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी करारपत्र व विम्याची कलमे वाचलेली बरी.

भारतात निघताना

विमानात पावडर आणि प्राइमर कोणत्याच सामानात चालत नाहीत. खरी गफलत होते ती रेंजवर नेलेलीच पाठपिशवी सुट्टीत भारतात नेल्याने. कप्प्यात विसरलेले एक काडतूस विमानतळावरील स्कॅनरला दिसले, की 1959च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. जाणीवपूर्वक बाळगले नसल्याच्या कारणावरून दिल्ली उच्च न्यायालयाने असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत. तोवर सुट्टी, परतीचे तिकीट आणि वकिलाचे पैसे गेलेले असतात. याच कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग तर येतातच, पण दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. तेव्हा पुण्यातल्या नेमबाज भाच्यासाठी जुना प्रेस बॅगेत टाकण्याचा विचार असेल, तर तो गॅरेजमध्येच राहू द्यावा.