सध्या सुयांवर काय आहे?

विणणाऱ्या दोघी भेटल्या की ख्यालीखुशालीनंतर पहिला प्रश्न हाच असतो. माझं आजचं उत्तर असं : भाचीच्या बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे पुरे झालेत, स्वेटरची एक बाही राहिलीय. नवऱ्यासाठी घेतलेलं मेरिनो लोकरीचं कार्डिगन मुंढ्यापर्यंत आलंय. आणि गेल्या महिन्यात घरी आलेली काळ्या दख्खनी लोकरीची लडी अजून नमुन्यापलीकडे गेलेली नाही.

मराठीत पैठणी विणतात, खाट विणतात, टोपली विणतात आणि स्वेटरही विणतात.  मात्र मागावरच्या कापडात उभे धागे वेगळे आणि आडवे वेगळे. सुयांवरच्या विणीत मुळात एकच धागा असतो आणि तो स्वतःच्याच फासातून पुढे जातो. त्यामुळेच स्वेटर ओढला की ताणतो, सोडला की जागेवर येतो, आणि शेवटचं टोक मोकळं करून ओढलं तर सगळ्याचा पुन्हा गुंडा होतो. मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. उलट टाका म्हणजे सुलट टाक्याची पाठ. वेणी, साबुदाणा ही सगळी नक्षी या दोन टाक्यांवर आणि त्यांची जागा बदलण्यावर उभी आहे.

मागाच्या मानाने ही कला तरुण आहे. तिचे फार जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले. ते मध्ययुगातले आहेत, आणि त्यांत निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे तुकडे आहेत. पुढे युरोपात हातविणीच्या मोज्यांवर कितीतरी घरं चालायची. १५८९ मध्ये विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणायचं यंत्र तयार केलं, तेव्हा गरीब विणकरांच्या पोटावर पाय येईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला सनद नाकारली असं सांगतात. आपल्याकडे हे काम एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळांतून आणि गोऱ्या साहेबांच्या घरांतून आलं आणि बघता बघता इथलंच झालं. १९६२ च्या चीन युद्धात गावोगावच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या.

मला विणकाम आईने शिकवलं. तिचा एकच नियम होता, आणि तो मोडला की ती विणलेलं उसवायला लावायची. नवी लोकर आणली की आधी चार बोटं विणून बघायची, टाके नंतर घालायचे. लहानपणी ते चार बोटं विणणं म्हणजे वेळेचा अपव्यय वाटायचा. या वर्षी तीन वेगवेगळे धागे एकाच वेळी हातात आले, तेव्हा तिचा नियम मला खऱ्या अर्थाने कळला.

बाळाच्या स्वेटरचा धागा आपण सवयीने लोकर म्हणतो, पण लेबल वाचलं तर ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतं. महाराष्ट्रातल्या दुकानात रंगीबेरंगी गुंड्यांच्या ज्या थप्प्या दिसतात, त्यांतला बराचसा माल लुधियानाचा आणि बराचसा कृत्रिम धाग्याचा. यात कमीपणा काही नाही. तान्ह्या बाळाचे कपडे रोज धुवावे लागतात. मऊ अ‍ॅक्रिलिक टोचत नाही, मशिनमध्ये टाकलं तरी आटत नाही, आणि आपल्या हवेत बाळाला त्याहून जास्त उबेची गरज क्वचितच असते. त्याला जपायचं ते फक्त इस्त्रीपासून. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली की वीण कायमची मरते. बॉर्डरचा ताण जातो, स्वेटर ओल्या फडक्यासारखा लोंबतो आणि कशानेही परत येत नाही. चार बोटांच्या नमुन्यावर एकदा मुद्दाम इस्त्री फिरवून बघा, म्हणजे पूर्ण स्वेटरवर कधी फिरवणार नाही.

मेरिनोची गोष्ट वेगळी. ही बारीक, मऊ लोकर गळ्यालाही टोचत नाही. कार्डिगनला ५० ग्रॅमचे बारा गुंडे धरले होते, एका गुंड्यात साधारण ११५ मीटर धागा, म्हणजे सगळा मिळून १४०० मीटरच्या आसपास. एवढी लांबी एकेका फासाने बोटांतून जायची असते, तेव्हा सुरुवातीची चूक फार महाग पडते. लेबलवर लिहिलं होतं : ४ मिलिमीटरच्या सुईवर दहा सेंटिमीटरला २२ टाके. छाती ११० सेंटिमीटर हवी, म्हणजे पाठ आणि पुढचे दोन भाग मिळून २४२ टाके. मी नमुना विणला, धुतला, वाळवला आणि मोजला. माझे टाके दहा सेंटिमीटरला २० च बसत होते. तेच २४२ टाके घातले असते, तर कार्डिगन १२१ सेंटिमीटरचं झालं असतं. दहा सेंटिमीटरमागे दोनच टाक्यांचा फरक, पण अंगावर तो अकरा सेंटिमीटर होतो. म्हणून एक सुई खाली आले, ३.७५ मिलिमीटर. आपल्याकडच्या जुन्या हिशेबात आठ नंबरवरून नऊ नंबर. इथे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, कारण ही मोजणी तारेच्या गेजवरून आलेली आहे. नवशिक्या मुली इथे हमखास गोंधळतात.

नमुना धुऊन मोजायला मात्र विसरू नका. यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली मेरिनो पाण्यातून निघाली की सैल पडते. कोरडा नमुना खोटं सांगतो.

इतकं करूनही या कार्डिगनने मला फसवलंच. आधी दहाच गुंडे घेतले होते, दोन नंतर आणले. दुकानात सांगितलं, रंगाचा नंबर तोच आहे. नंबर तोच होता, पण लॉट वेगळा. रंगाच्या प्रत्येक घाण्यात छटा किंचित हलते आणि लेबलावरचा लॉट नंबर तोच घाणा सांगतो. ट्यूबच्या उजेडात मला काहीच दिसलं नाही. पिशवीतून हाताला येईल तो गुंडा उचलत गेले. एका सकाळी पाठ खिडकीत धरली आणि मधोमध चार बोटांचा फिका पट्टा उमटलेला दिसला. बावीस ओळी उसवल्या. उसवलेला धागा शेवयांसारखा कुरळा होतो. त्याची लडी केली, कोमट पाण्यात भिजवली आणि सावलीत टांगली. दुसऱ्या दिवशी धागा सरळ झाला होता. ते दोन गुंडे आता गळपट्टी, बटणपट्टी आणि मनगटाच्या बॉर्डरसाठी ठेवलेत. तिथली वीणच वेगळी असल्याने छटेचा फरक खटकणार नाही.

तिसरी लडी मात्र लेबलाशिवाय आली, आणि माझा जीव तिच्यातच अडकलाय. दख्खनच्या पठारावर धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या, काळ्या राठ लोकरीच्या मेंढीची ती. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे याच लोकरीचं सूत हाताने कातून सणगर समाजाचे विणकर मागावर घोंगडी विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. एका घोंगडीवाल्याकडून मी नुसतं सूत मागून आणलं. रिठ्याच्या पाण्यात धुतलं तेव्हा पाणी मातकट झालं आणि घरभर मेंढवाड्याचा वास भरला. वाळल्यावर बघितलं तर काळ्यात तपकिरी आणि करड्या केसांच्या रेघा. इथे लॉटचा प्रश्नच नाही, कारण रंग मेंढीचा आहे.

नमुना सरळ विणला. एक ओळ सुलट, एक उलट. पण चौकोन सुईवरून उतरवला तर तो एका बाजूला झुकलेला, पतंगासारखा तिरका. आधी वाटलं माझा हात बिघडला. मग सुताचा एक हातभर तुकडा मोकळा सोडून बघितला, तर तो आपोआप स्वतःभोवती गिरक्या घेत वळला. हे सूत एकपदरी आहे आणि त्यात पीळ जास्त. सगळे सुलट टाके एकाच बाजूला आले की तो पीळ कापड ओढून घेतो. त्याच सुताचा दुसरा नमुना साबुदाणा विणीचा केला. एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत बरोबर त्याच्या विरुद्ध. सुलट-उलट टाके शेजारी शेजारी बसले, पिळाची ओढ एकमेकांत जिरली आणि चौकोन चौकोनच राहिला. वर असा टणक, दाणेदार पोत आला की हात फिरवत राहावंसं वाटतं.

हा धागा स्वेटर होणार नाही. गळ्याशी तो टोचेल, आणि त्याला मऊ करायच्या भानगडीत पडू नये असं माझं ठाम मत आहे. त्याचा राठपणा हाच त्याचा टिकाऊपणा. देवघरापुढचं बसकर, दाराशी पायपुसणं, भाजीची पिशवी, यासाठी याहून चांगला धागा मला माहीत नाही. मेंढपाळ लोकर कातरतो तेव्हा तिला अनेकदा गिऱ्हाईक नसतं, आणि आपण विणणारे मात्र दूरदेशीच्या मेंढीची लोकर शोधत असतो. जत्रेत, प्रदर्शनात घोंगडीवाला दिसला तर घोंगडी बघाच, पण न विणलेलं सूतही मागा. एक लडी पुरे. घरी आणून चार बोटं विणा, धुवा, वाळवा, आणि मग ठरवा.

बसकराचे टाके मी येत्या रविवारी घालणार आहे. सुया ८ मिलिमीटरच्या, दहा सेंटिमीटरला दहा टाके, एकूण ४५.