हिंदुधर्म म्हणजे काय ?

सुशिक्षित घरांतील मुलें हल्लीं विचारतात कीं, ख्रिस्ती मित्र बायबल दाखवितो, मुसलमान मित्र कुराण दाखवितो. मग आपल्या धर्माचें एक पुस्तक कोणतें, आणि त्याचा संस्थापक कोण? घरचीं वडील माणसें बहुधा 'तो विषय फार गहन आहे' एवढें सांगून मोकळीं होतात. आमच्या मतें प्रश्न गहन नाहीं, सरळ आहे, आणि त्याचें उत्तरही सरळ द्यावें. आपल्या धर्मास एक संस्थापक नाहीं, सर्वांस बंधनकारक असा एकच ग्रंथ नाहीं, आणि ज्यावर सही केल्यानें मनुष्य हिंदु होतो असा प्रतिज्ञालेखही नाहीं.

मग सर्वांस बांधणारें कांहींच नाहीं काय ? आहे. केलेल्या कर्माचें फळ कर्त्याला चुकत नाहीं. एका देहांत हिशेब पुरा न झाल्यास जीव दुसरा देह धरितो. आणि या फेऱ्यांतून सुटणें हा मोक्ष. धर्म, अर्थ, काम व मोक्ष या चार पुरुषार्थांत द्रव्य मिळविणें आणि संसार करणें यांसही जागा आहे, धर्माची मर्यादा सांभाळून. मोक्षाची वाट मात्र एकच सांगितलेली नाहीं. जीव आणि ब्रह्म एकच असें शंकराचार्य म्हणतात, तीं भिन्न आहेत असें मध्वाचार्य म्हणतात. आणि आपण दोघांसही आचार्य म्हणून नमस्कार करितों.

आचारांत गृहस्थाला पांच महायज्ञ सांगितले आहेत. अध्ययन-अध्यापन हा ब्रह्मयज्ञ, अग्नींत आहुति हा देवयज्ञ, पितरांस तर्पण हा पितृयज्ञ, प्राणिमात्रांस अन्न काढून ठेवणें हा भूतयज्ञ, आणि अतिथीस जेवूं घालणें हा मनुष्ययज्ञ. सकाळची लोकल गाडी गांठणाऱ्यास होमकुंड पेटवितां येणार नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु मुलाला घटकाभर शिकविणें, चिमण्यांस मूठभर दाणे टाकणें आणि दाराशीं आलेल्यास पाणी विचारणें यांस कोणत्या गाडीची आडकाठी आहे?

उपास्यें अनेक म्हणजे काय, हें मात्र भाद्रपदांत पाहावें. आमचें पावणे हें ठाणें-बेलापूर रस्त्याजवळचें आगरी-कोळ्यांचें जुनें गांव. औद्योगिक वसाहतीच्या कारखान्यांमुळें देशावरचीं व कोंकणांतलीं कुटुंबें या भागांत येऊन राहिलीं. गौरी सर्वांकडे येते, आणि तीही त्याच नक्षत्रांवर : अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळावर विसर्जन. पण चित्पावनांच्या घरीं पाणवठ्यावरून मुक्यानें आणलेले खडे हीच गौर, आणि तिला घावन-घाटल्याचा नैवेद्य. देशस्थांकडे मुखवट्यांच्या उभ्या गौरी, लुगडीं नेसविलेल्या, त्यांना पुरणपोळी. कोंकणपट्टींतील कित्येक घरीं तेरड्याच्या रोपांची गौर बसते, आणि आगरी-कोळ्यांच्या व इतरही अनेक घरांत तिला मांस-मासळीचा नैवेद्य दाखवितात. एकच देवता, एकच दिवस, आणि पानें इतकीं निराळीं !

या शेवटच्या नैवेद्याविषयीं आमच्याच वर्गांतील सुशिक्षित मंडळी नाक मुरडून म्हणतात, "हा कसला धर्म ?" हा उद्गार आम्हांस निरुपद्रवी वाटत नाहीं. अमुक हिंदु आणि अमुक हिंदु नव्हे असें ठरविण्याचा हक्क मिळाला कीं त्याचा उपयोग दार लावण्याकडे होतो. १९४८ सालीं अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिराच्या अनुयायांनीं दावा लाविला कीं, आमचा पंथ हिंदुधर्माहून निराळा आहे, म्हणून अस्पृश्य मानलेल्यांस मंदिरप्रवेश देणारा कायदा आम्हांस लागू नाहीं. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १४ जानेवारी १९६६ रोजीं सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनीं निकाल दिला. गजेंद्रगडकर साताऱ्याचे, संस्कृत पंडितांच्या घराण्यांतले. हिंदु कोणास म्हणावें हें ठरवितांना त्यांनीं लोकमान्य टिळकांची व्याख्या जवळ केली. वेदांविषयीं आदर असावा, मोक्षाचे मार्ग अनेक आहेत हें मान्य असावें, आणि अमक्याच देवाची पूजा करावी असें बंधन नसावें, हा तिचा आशय. या मापानें तो पंथ हिंदुच ठरला, आणि दावा फेटाळला गेला.

ज्या विद्येच्या बळावर शेंकडों वर्षें दारें बंद ठेविलीं, तिच्याच घरांतील एका पंडितपुत्रानें ती व्याख्या दार उघडण्याकडे लाविली, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें. पंढरपुरास मात्र त्यापूर्वीं, मे १९४७ मध्यें, साने गुरुजींस विठ्ठलमंदिर सर्वांस खुलें व्हावें म्हणून प्राण पणाला लावून उपोषण करावें लागलें होतें.

येत्या ज्येष्ठेला आमच्या वाचक भगिनींनीं शेजारच्या आगरी घरीं हळदीकुंकवास अवश्य जावें. नैवेद्याचें पान आपल्याला चालणारें नसेल तर तसें सांगावें. त्या घरची गृहिणी रागावत नाहीं, नारळ-खडीसाखर हातावर ठेवते.