विश्लेषण : राजगडावरचा कचरा पोत्यात भरला, पुढे काय? पुण्याच्या ‘स्वच्छ’चा अनुभव इथे का महत्त्वाचा?

राजगडाच्या पायथ्याचं पाली हे छोटं गाव. मार्गासनी, साखर, वाजेघर करत इथवर यायचं आणि पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी पद्मावती माचीवर पोहोचायचं, ही गडाची जुनी राजवाट. जुलै 2025 मध्ये राजगडासह 12 किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गडावर श्रमदान करणाऱ्या संस्था, ट्रेकर मंडळी बाटल्या, रॅपर गोळा करून पोती खाली आणतात. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

पोत्यात नेमकं काय असतं?

मुख्यतः दोन प्रकारचं प्लास्टिक. पाण्याची बाटली पेट प्लास्टिकची, तिला भंगारात भाव मिळतो. पण एक लिटरची रिकामी बाटली भरते साधारण 20 ते 25 ग्रॅम. म्हणजे किलोभर माल व्हायला 40-50 बाटल्या हव्यात. न चेपता भरल्या तर टेम्पो हवाच वाहून नेणार. वेफर्सच्या रॅपरची अडचण वेगळी. त्यात प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. त्यामुळे भंगारवाला हात लावत नाही. असा कचरा बऱ्याचदा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो, तोही कोरडा आणि वेगळा केलेला असेल तर. ओल्या पोह्यांसोबत कोंबलेलं रॅपर कुणाच्याच कामाचं नाही.

‘स्वच्छ’ काय आहे?

हा हिशेब ज्यांना तोंडपाठ आहे, ते लोक पालीपासून साठेक किलोमीटरवर पुण्यात आहेत. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. सफाईचा हा व्यवसाय, आणि मालक स्वतः कचरावेचकच. सभासद तीन हजारांहून अधिक, त्यात महिला बहुसंख्य. दारोदार कचरा उचलण्यासाठी त्यांना महापालिकेचा पगार नाही. घरटी मिळणारं शुल्क आणि भंगाराची विक्री, एवढीच कमाई.

नदीघाटावर काय करतात?

तरीही गणेश विसर्जनाला हेच हात मुठेच्या घाटांवर दिसतात. लोकांनी निर्माल्य पाण्यात टाकण्याआधी ते मागून घ्यायचं, हे काम. सोबत स्वयंसेवक विद्यार्थीही असतात. हार-फुलं पाण्यात कुजली की पाण्यातला विरघळलेला प्राणवायू खर्च होतो, त्याचा फटका माशांना बसतो. पण निर्माल्य हातात आलं म्हणून काम संपत नाही. प्लास्टिकची पिशवी, दोरा, थर्माकोल, चमकी बाजूला काढल्याशिवाय फुलांचं चांगलं खत होत नाही. घाटावर उभं राहायला कुणीही येऊ शकतं. भराभर निवडणं हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम. घरातली जुनी गादी, कपडे, बंद पडलेली उपकरणं घेण्यासाठी ही संस्था ‘व्ही कलेक्ट’ शिबिरंही भरवते.

पालीत हे कसं जमेल?

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी 16 लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये. मेख इथेच आहे. निधी मोजला जातो गावच्या लोकसंख्येवर, कचरा येतो शनिवार-रविवारच्या पर्यटकांचा. वर्गीकरणाचा भार पालीसारख्या छोट्या गावावर टाकणं न्यायाचं नाही. गडावरून उतरतानाच बाटल्या एका पोत्यात, रॅपर दुसऱ्यात आणि काच तिसऱ्यात भरली, तर निम्मं काम तिथेच होतं.

आणि पुण्याहून आलेल्या ट्रेकरच्या गाडीची डिकी परतीच्या वाटेवर बहुतेक वेळा रिकामीच असते. बाटल्या चेपून, पुसून आणल्या की सोमवारी सकाळी सोसायटीत येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंना सुका कचरा म्हणून वेगळ्या देता येतात. त्यांच्या भंगारात तेवढीच भर पडते. रॅपर द्यायचे तर वेगळ्या पिशवीत, आणि कोरडे.