दुखणं मनगटाचं, औषध हँडलचं

स्वयंपाकघरातला ओटा दोन इंच जास्त उंच झाला की काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. कणीक मळताना खांदे कानाशी जातात, दुपारपर्यंत मान धरते. ओटा ठेंगणा असला तर कंबरेचे हाल. घर बांधताना ओट्याच्या उंचीसाठी आपण गवंड्याशी भांडभांड भांडतो. पण रोज दीड-दोन तास मोटारसायकलवर बसणाऱ्या नवऱ्याची पाठ नि मनगटं दुखायला लागली, तर "वय झालं आता" म्हणून बामची बाटली पुढे करतो आणि मोकळ्या होतो. मोटारसायकलचं हँडल म्हणजे त्यांचा ओटाच, हे माझ्या तरी फार उशिरा ध्यानात आलं.

आमचे हे रोज सांगलीहून तासगावला मोटारसायकलनं जातात. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. दिवाळीच्या सुमारास करंगळी नि तिच्या शेजारचं बोट बधिर पडायला लागलं. रात्री झोपेतून उठून हात झटकत बसायचे. एकदा चहाची कपबशीच हातातून सुटली, तेव्हा मी घाबरले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठले.

डॉक्टरांनी आधी रक्तातली साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं. मुंग्या येण्यामागे ही कारणंही असतात. ते सगळं ठीक निघाल्यावर त्यांनी विचारलं, "गाडीवर बसता कसे, ते दाखवा बघू!" ह्यांनी खुर्चीवर बसून दाखवलं. अंग पुढे वाकलेलं, कोपरं ताठ, मनगटं मागे मुडपलेली आणि सगळा भार तळहातांवर.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. करंगळीच्या बाजूनं एक नस तळहातात उतरते. तिच्यावर तासन् तास भार पडला आणि वर इंजिनची थरथर बसत राहिली, की करंगळी नि अनामिका बधिर होतात. दुसरी नस मनगटाच्या मधून जाते. मनगट सारखं मुडपलेलं राहिलं की ती दाबली जाते आणि अंगठा, तर्जनी नि मधलं बोट मुंग्या धरतं. ते म्हणाले, "गोळ्या देतो, पण बसण्याची ढब बदलल्याशिवाय हे परत परत येणार."

वाढीव उंची, वाढीव ताप

आता ढब बदलायची म्हणजे हँडल बदलायचं. घरात पुतण्या हुशार. तो म्हणाला, "काकू, काकांना उंच हँडल बसवू या. आरामात बसतील आणि दिसायलाही झकास!" त्यानं मोबाइलवर चित्रंही दाखवली. हात खांद्यांच्याही वर जातील एवढी उंच हँडलं. अमेरिकेत त्यांना 'एप हँगर' म्हणतात, म्हणजे माकड फांदीला लोंबकळावं तसे हात वर राहतात म्हणून. १९६९ सालच्या 'ईझी रायडर' चित्रपटात पीटर फोंडाच्या गाडीला असंच उंच हँडल होतं. पडद्यावर ते शोभलंही, पण पीटर फोंडाला काही रोज सकाळी तासगावला कामाला जायचं नव्हतं!

आम्ही एवढं उंच नाही, पण मूळच्यापेक्षा चांगलं वीतभर चढं हँडल घेतलं. जवळच्याच एका गॅरेजमध्ये तासाभरात बसवून मिळालं. ह्यांची पाठ सरळ झाली. मलाही मागच्या सीटवरून ते छान ताठ दिसले. संध्याकाळी भाजी घेऊन परतताना घरासमोर गाडी वळवायला ह्यांनी हँडल पूर्ण डावीकडे घेतलं मात्र, इंजिन आपोआप ओरडायला लागलं आणि गाडीनं पुढे उसळी घेतली. आम्ही दोघं फाटकावर आदळलो. ह्यांनी ब्रेक दाबला म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावलं. तेच हमरस्त्यावर ट्रकसमोर झालं असतं तर? त्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गाडी ढकलत नेली. त्यांनी हँडल नुसतं डावीकडे वळवलं नि म्हणाले, "वहिनी, हँडल वर गेलं, पण वायरी जुन्याच लांबीच्या राहिल्या. वळताना रेसची वायर ताणली जाते आणि तुम्ही मूठ न पिरगाळता गाडी रेस घेते." साडीची उंची वाढवली नि परकर जुनाच ठेवला, तसला प्रकार! मिस्त्रींनी ते हँडल काढून मूळचं परत चढवलं. आमचे पैसे गेले, पण त्यांच्यापाशी बसून जे शिकले, ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

आधी फुकटातले उपाय

नवं हँडल घेण्याआधी जुनंच नीट बसवलेलं आहे का, ते पाहावं. हँडल ज्या क्लॅम्पमध्ये आवळलेलं असतं, तो सैल करून ते थोडं पुढे-मागे फिरवता येतं. क्लचची नि ब्रेकची लिव्हरही वर-खाली करता येते. गाडीवर बसून बोटं लिव्हरवर ठेवली की कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ यायला हवी. ह्यांच्या गाडीच्या लिव्हर एवढ्या वर होत्या, की ब्रेकवर बोटं ठेवताना दर वेळी मनगट मागे मुडपायचं. ते दुरुस्त करायला दहा मिनिटं पुरली आणि अर्धा त्रास तिथंच कमी झाला.

मुठींची रबरं दगडासारखी कडक झाली असली तर बदलून मऊ घ्यावीत. हँडलच्या टोकांना जी लोखंडी वजनं असतात, ती शोभेची नसतात. थरथर कमी करायला असतात. एखादं गळून पडलं असलं तर तेवढं बसवून घ्यावं. आणि चाकातली हवा कंपनीनं सांगितली आहे तेवढीच असावी. जास्त झाली की प्रत्येक खड्डा थेट मनगटात पोचतो.

शिवणाची टेप काढा

एवढ्यानंही भागलं नाही, तरच नवं हँडल. पण ते मापानं घ्यायचं, चित्र बघून नाही. ब्लाउजचं माप आपण अंदाजानं देतो का? गाडी डबल स्टँडवर लावली, ह्यांना वर बसवलं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, डोळे मिटा, खांदे सैल सोडा आणि हात सहज पुढे करा." हात जिथं थांबले, तिथपासून मुठीपर्यंत मी टेप लावली. मूठ सव्वा इंच खाली आणि दीड इंच पुढे होती. बस्स, एवढंच अंतर! आणि आम्ही वीतभर उंच घेऊन बसलो होतो.

माप घेताना चार गोष्टी पाहायच्या. कोपरं थोडी वाकलेली राहावीत, मनगटं सरळ असावीत, हात खांद्यांच्या खाली असावेत आणि पाठ किंचित पुढे झुकलेली असावी. हे शेवटचं मला नवीनच होतं. अगदी ताठ बसलं की सगळा भार माकडहाडावर येतो, खड्ड्याचा धक्का सरळ कण्यात चढतो आणि वारा छातीवर आदळून हातांवर ओढ बसते. म्हणजे फार उंच हँडलनं मनगट सुटतं आणि कंबर सापडते.

दुकानात सांगायची मापंही चारच. हँडलची रुंदी, उंची, मागे किती वळलेलं आहे ते आणि नळीची जाडी. मुठीच्या जागी बहुतेक मोटारसायकलींची नळी २२ मिलिमीटर, म्हणजे सात सूत असते. काही जड गाड्यांना ती १ इंचाची असते. काही हँडलं मधोमध, क्लॅम्पच्या जागी, २८.६ मिलिमीटर जाड असतात आणि मुठीकडे निमुळती होत जातात. जाडी जुळली नाही तर पत्र्याच्या चकत्या घालून आवळू देऊ नये. रुंद हँडलनं गाडी हलक्या हातानं वळते खरी, पण बोळातून काढताना तेच अडतं.

थोडीशीच उंची हवी असेल तर नवं हँडल न घेता जुन्याच हँडलखाली उंची देणारे ठोकळे बसवता येतात. त्यांना राइझर म्हणतात. आमच्या मिस्त्रींनी एक इंचाचे राइझर बसवले आणि हँडल किंचित मागे फिरवलं. जुन्या वायरींना तेवढी ढील होती, त्यामुळे त्या बदलाव्या लागल्या नाहीत. मात्र नुसतं धरून चालले नाहीत, दोन्हीकडे वळवून, तपासून मगच "आहे" म्हणाले.

ब्रेकशी खेळ नको

पुढचा ब्रेक डिस्कचा असेल तर त्याची तेलाची नळी ताणलेली किंवा मुडपलेली चालत नाही. नळी बदलावी लागली तर आत शिरलेली हवा काढून घ्यावीच लागते, नाहीतर ब्रेक लुळा पडतो. ब्रेकचं तेल झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच आणि सीलबंद डब्यातलं असावं. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून उघडा पडलेला डबा नको. गाडीवर सांडलं तर ते रंगही खातं. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीचं हे काम जाणत्या माणसाकडेच द्यावं.

कायद्याचंही पाहावं लागतं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातला गाडीचा तपशील मूळच्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. तेव्हा कंपनीनं आपल्याच गाडीसाठी मान्य केलेलं हँडल मिळत असेल तर ते उत्तम. बाहेरचं घ्यायचं असेल तर आधी आर.टी.ओ.मध्ये विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

आता मागे बसणाऱ्या आपल्यासाठी. पायांना आधार, धरायला कडी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी, या तीन गोष्टी १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमानं द्यायलाच हव्यात. गाडीला नवं रूप देण्याच्या भरात काही जण पहिल्यांदा साडीची जाळीच काढतात. तेवढी मात्र काढू देऊ नका.

गॅरेजमधून निघण्यापूर्वी

पैसे देण्याआधी एवढं स्वतः उभं राहून बघा:

१. इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनचा आवाज जराही वाढता कामा नये.

२. दोन्ही टोकांना क्लच आणि ब्रेक दाबून पाहा. वायर, नळी कुठं ताणली किंवा चिमटली जात नाही ना?

३. वळवताना मूठ किंवा बोटं टाकीला लागत नाहीत ना?

४. हॉर्न, दिवे, साइड दाखवणारे दिवे चालतात का? आरशात मागचा रस्ता दिसतो का?

५. हँडल हातानं जोर लावून ओढून पाहा. ते क्लॅम्पमध्ये फिरता कामा नये. शंभरेक किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

आणि हँडल कापून, वेल्डिंग करून लांब केलेलं असेल, तर ते घरातसुद्धा आणू नका.

ह्यांच्या हाताला आता दोन महिन्यांत पुष्कळ आराम आहे. रात्रीचं हात झटकणं थांबलं. वाटेत एकदा उतरून पाच मिनिटं हात मोकळे करायचे, हे डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्यही पाळतात. कुणाच्या घरी असा त्रास तीन-चार आठवडे टिकला किंवा हातातून वस्तू सुटायला लागल्या, तर मात्र हँडलवर विसंबू नका, आधी डॉक्टर गाठा.

परवा हे चहा पिता पिता म्हणाले, "अगं, तुझा ओटा जरा उंचच आहे, नाही का?" वीस वर्षांनी लक्षात आलं म्हणायचं! मी काही बोलले नाही. उठले आणि शिवणाची टेप आणून त्यांच्या हातात दिली.